बंद दारापुढची झान : गेटी सेंटरमधील एक चित्र आणि त्याची विनामूल्य प्रत

लॉस एंजेलिसला मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी गेटी सेंटर या कलासंग्रहालयासाठी एक दिवस राखून ठेवावा आणि व्हॅन गॉगच्या आयरिस फुलांपुढची गर्दी ओलांडून फेर्नां ख्नोप्फ या बेल्जियन चित्रकाराचे ‘झान केफेर’ हे १८८५ मधील तैलचित्र पाहावे, अशी माझी शिफारस आहे.

ख्नोप्फचे मित्र, संगीतकार गुस्ताव्ह केफेर यांची ही लहानगी मुलगी. टोपडे आणि लांब कोट घालून ती एका बंद दारापुढे उभी आहे. उभ्या व्यक्तीसाठी चित्रकार सहसा उभा कॅनव्हास घेतात. ख्नोप्फने मात्र ८० सेंटिमीटरचा चौरस घेतल्यामुळे मुलीच्या दोन्ही बाजूंना दाराच्या काटेकोर रेषा आणि रिकामी जागा उरते, आणि तिचे लहानपण आपल्याला टोचू लागते. कपड्याच्या कडेत अडकलेला तिचा इवलासा अंगठा पाहावा. थोरांनी नटवून ‘हलू नकोस’ म्हणून बजावलेल्या मुलांचा सगळा संकोच त्या एका अंगठ्यात उतरला आहे. बालचित्रांत हमखास आढळणारा गोडवा येथे औषधालाही नाही, आणि मला तेच या चित्राचे सर्वांत मोठे यश वाटते.

ख्नोप्फ प्रतीकवादी, म्हणजे गूढ प्रतिमांतून आशय सुचवणारा, चित्रकार मानला जातो; पण तसे म्हणावे असे यात स्फिंक्स (मानवी मुखाचा काल्पनिक सिंह) नाही, स्वप्न नाही. प्रतीकवादाचा जाहीरनामाही १८८६ मध्ये, म्हणजे चित्रानंतर वर्षभराने, पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. तरीही दाराचा बंदपणा केवळ पार्श्वभूमी राहत नाही. दोनच वर्षांनी ख्नोप्फने आपली बहीण मार्गरीत हिलाही बंद दारापुढेच उभे केले. पण ती नजर वळवते, झान मात्र थेट आपल्याकडे पाहते आणि काहीच सांगत नाही.

संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, वाहनतळाचे शुल्क मात्र पडते. सोमवारी संग्रहालय बंद असते. चित्र सध्या दालनात लावलेले आहे की नाही, हे संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे. वरच्या मजल्यावरील चित्रदालनांत छतातून नियंत्रित दिवसाचा उजेड येतो, आणि दबलेल्या, करड्या छटांच्या या चित्राला तो फार मानवतो.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी गेटीने २०१३ मध्ये सुरू केलेल्या खुल्या प्रतिमांच्या उपक्रमातून मोठ्या आकाराची प्रत विनाशुल्क उतरवून घेता येते. कुंचल्याचे काम न्याहाळण्यासाठी ती उत्तम आहे, कारण दालनात इतक्या जवळ जाता येत नाही. भिंतीवर लावण्यासाठी छापून घ्यायची असल्यास चकचकीत कागद टाळावा आणि आधी लहान नमुना काढून पाहावा. मी एका छपाईच्या दुकानातून घेतलेल्या पहिल्या प्रतीत करडा रंग पिवळट उतरला होता आणि झानच्या चेहऱ्यावर नसलेली तरतरी आली होती. मूळ चौरस मात्र कोणत्याही परिस्थितीत कापू देऊ नये.