बर्डीवरचं रंगांचं दुकान: फाउंडेशनच्या मुलांनी कागद घ्यायच्या आधी इथे जावं

मी फाउंडेशनला, म्हणजे कला शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. नागपुरात सीताबर्डीला, म्हणजे बर्डीवरच्या या दुकानात वर्षभर जातेय, पण मागच्या शुक्रवारनंतर लिहायलाच हवं असं वाटलं.

त्या दिवशी टू-डी डिझाइनचं ग्रे स्केल होतं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ९ पायऱ्या, पोस्टर कलरमध्ये, प्रत्येक चौकोन एकदम सपाट. तिसऱ्या ग्रेलाच कागद टिपकागदासारखा पाणी प्यायला लागला. ब्रश जिथे उचलला तिथे गडद कड, मध्ये फिकट चट्टे. दुसरा हात मारला तर खालचा रंग उठून ब्रशलाच आला. शेवटी मास्किंग टेप ओढली, तर तिच्यासोबत कागदाची सालही निघाली. जाड आहे आणि स्वस्त आहे म्हणून मी १० शीटचा गठ्ठा ऑनलाइन मागवला होता. दोन दिवसांची आखणी वाया गेली आणि मला खरंच रडू आलं.

लंच ब्रेकमध्ये मैत्रिणीच्या स्कूटीवर बर्डी गाठली. चट्टे पडलेली शीट काउंटरवर ठेवली. दुकानाच्या काकांनी आधी काही विकायला काढलंच नाही. कोऱ्या कोपऱ्यावर बोट बुडवून पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब लगेच आत गेला आणि तिथे काळसर डाग पडला. मग आतून दुसरी शीट काढून तिच्यावर तसाच थेंब सोडला. तो बराच वेळ फुगीर, चमकत बसून राहिला. काका म्हणाले, "बेटा, जाडी पाहून कागद घेऊन राहिली तू. साइझिंग पाहा." कागद बनवताना त्यात स्टार्च, जिलेटिन असं काही घालतात म्हणून पाणी वरच थांबतं. ते कमी पडलं तर रंगातलं पाणी कागद आधी ओढून घेतो आणि हात फिरवायला वेळच मिळत नाही. जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, कितीही असो, हे त्यावरून कळत नाही. आम्ही वर्षभर जीएसएमच विचारत होतो.

पुढचा प्रश्न, "स्टुडिओत कूलर सुरू असते का?" असतो, आणि माझी जागा अगदी त्याच्यासमोर. नागपूरच्या मार्चमधली कोरडी हवा, त्यात कूलरचा झोत. चौकोनाचा एक कोपरा भरेपर्यंत दुसरा वाळतो आणि जोड दिसतो. काकांनी गोल चार नंबरऐवजी अर्ध्या इंचाचा चपटा सिंथेटिक ब्रश दिला. प्रत्येक ग्रे वाटीत एकदाच भरपूर कालवून ठेवायला सांगितलं. ऑर्डरप्रमाणे कागद कापताना उरलेल्या पट्ट्या ते एका खोक्यात टाकतात, त्यातल्या मूठभर फुकट दिल्या. आधी पट्टीवर लाव, पूर्ण वाळू दे, मगच शीटवर लाव. पोस्टर कलर ओला असताना वेगळा दिसतो, गडद ग्रे तर वाळल्यावर चांगलाच उजळतो.

तीन शीट घेतल्या, सुट्या. गठ्ठाच घ्या अशी सक्ती इथे नाही, ही माझ्यासारखीला फार मोठी गोष्ट आहे. शीटमागे ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त पैसे गेले, पण त्या तिन्ही वापरण्यासारख्या होत्या.

स्टुडिओत परत येऊन बोर्ड कूलरपासून दूर, भिंतीकडे नेला. तिसरा ग्रे चपट्या ब्रशने डावीकडून उजवीकडे ओढला, प्रत्येक हात आधीच्या ओल्या कडेला जरासा चढवत. वाळला तेव्हा एकही लकेर नव्हती. पाच वाजता सरांनी शीटवर सही केली.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. शीट गुंडाळून वर घट्ट रबर बँड लावतात, त्याचा वळ कागदावर राहतो आणि त्यावर रंग साचतो. दुकानातला मुलगा ऐकत नाही, तुम्हीच "दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट द्या" म्हणून अडून बसा. चारकोलचा साठाही कमी असतो. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, मूर्तींची स्केचेस करायला जायच्या आदल्या दिवशी दोनदा रिकाम्या हाताने परतलेय.

गाडी लावायला जागा नाही. मी लोकमान्य नगरहून मेट्रोने येते, सीताबर्डीला उतरून चालत जाते, मोठा हाफ इम्पिरियल ड्रॉइंग बोर्ड सोबत असला तरी. जाताना आत्ता वापरताय त्या कागदाचा एक तुकडा घेऊन जा. काका थेंब टाकून बघतात.