'इन युटेरो' घ्यायचाय? आधी आवृत्ती बघा

अमेरिकन रॉक बँड निर्व्हानाचा 'इन युटेरो' हा अल्बम विकत घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1993च्या मूळ सीडीवर दहा गाण्यांचं मिक्सिंग (वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक आवाज करणं) अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचं आहे, उरलेल्या दोन गाण्यांचं निर्माता स्कॉट लिटचं. चांगल्या स्पीकरवर हा फरक लगेच कळतो.

रेकॉर्डिंग झालं फेब्रुवारी 1993मध्ये, मिनेसोटातल्या कॅनन फॉल्सच्या पॅकिडर्म स्टुडिओत, दोनेक आठवड्यांत. बोभाटा नको म्हणून बुकिंग 'सायमन रिची ग्रुप' या नावाने केलं होतं. अल्बिनीने एक लाख डॉलर ठोक घेतले आणि रॉयल्टी नाकारली. रॉयल्टी हा कलावंतांचा पैसा, त्यावर आपला हक्क नाही, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. गेफेनच्या डीजीसीसारख्या बड्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) कामात हे जवळपास कुणी करत नसे.

या अल्बमचा जीव ड्रममध्ये आहे. ड्रमर डेव्ह ग्रोलच्या सेटभोवती सुमारे 30 माइक लावले होते. 'व्हेरी एप' आणि 'टुरेट्स'साठी तर ड्रम स्वयंपाकघरात हलवले, तिथला नैसर्गिक घुमारा हवा होता म्हणून. इतके माइक लावले की धोका असतो फेजचा, म्हणजे एकच आवाज वेगवेगळ्या माइकला वेगवेगळ्या वेळी पोचण्याचा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. तीन मीटरवरच्या माइकला स्नेअरचा (सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका जवळच्या माइकपेक्षा आठ-नऊ मिलिसेकंद उशिरा मिळतो. दोन्ही सिग्नल बेसावधपणे एकत्र केले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि ठोका पोकळ वाटतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटवायची राहिली तरी तेच, खालचा दणका गायब. 'सेंटलेस अ‍ॅप्रेंटिस'ची सुरुवात ऐका. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घट्ट, स्नेअरला वजन, आणि मागे खोली स्पष्ट जाणवते. माइकची जागा नेमकी साधल्याशिवाय हे होत नाही, मग मिक्समध्ये कितीही डोकं खपवा.

बँडमधल्या तिघांनी मूळ वाद्यं एकत्रच वाजवली. गिटारचे जादा ट्रॅक साधारण निम्म्याच गाण्यांवर आहेत. म्हणूनच 'मिल्क इट'मध्ये शांत भागातून गोंगाटात जाताना सगळे एकदम उसळतात.

मिक्स हाती आल्यावर बँडलाच बेस आणि शब्द दबल्यासारखे वाटू लागले, लेबलही नाराज होतं. मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हातात, बॉब लडविगने बेसला धार आणली, गायकीची पातळी सुमारे 3 डेसिबलने चढवली. 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' मात्र लिटने सिअ‍ॅटलमध्ये नव्याने मिक्स केली. गायक कर्ट कोबेनचा आवाज पुढे आला, कडा गुळगुळीत झाल्या. सिंगल म्हणून दोन्ही उत्तम. पण 'सर्व्ह द सर्व्हंट्स' आणि 'सेंटलेस अ‍ॅप्रेंटिस'नंतर लगेच 'हार्ट-शेप्ड बॉक्स' येतं तेव्हा खोली बदलल्याचं कानाला खटकतंच.

अमेरिकेत 14 सप्टेंबर 1993ला आधी व्हिनाइल आलं, फक्त 25,000 प्रती. सीडी 21ला आली आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. वॉलमार्ट आणि केमार्ट या दुकानसाखळ्यांनी मात्र तो ठेवायला नकार दिला. त्यांच्यासाठी 1994मध्ये मागचं मुखपृष्ठ बदललं, 'रेप मी'चं नाव 'वेफ मी' छापलं. जुन्या बाजारात ती प्रत दिसली तर सोडू नका. गाणं तेच आहे, पण 'पेनीरॉयल टी' त्यात लिटच्या मिक्समध्ये आहे. युरोपियन सीडीत शेवटच्या गाण्यानंतर सुमारे 20 मिनिटं शांतता आणि मग एक लांबलचक जादा ट्रॅक आहे. तो रिओ दि जानेरोत रेकॉर्ड झालेला, अघळपघळ. एकदा ऐकला की पुरे.

पहिल्यांदाच घेत असाल तर 2013ची डिलक्स आवृत्ती घ्या. अल्बिनीने केलेले त्या दोन गाण्यांचे मूळ मिक्स तिच्यात आहेत, शिवाय त्याने 2013मध्ये पुन्हा केलेलं अख्ख्या अल्बमचं मिक्सिंगही. टर्नटेबल असेल तर त्याच वर्षीची 45 आरपीएमची दोन तबकड्यांची प्रत शोधा. वेग जास्त असल्याने सुईखालून दर सेकंदाला जास्त लांबीची खाच सरकते, तबकडीच्या मध्याजवळच्या गाण्यांतले झांजांचे आवाज फाटत नाहीत. दर तीन गाण्यांनी उठून बाजू पालटावी लागते, तेवढी तयारी ठेवा.