मुलीचं खाजगी विद्यापीठ : चौदा महिन्यांनंतरचा हिशेब

आधीच सांगतो, विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही. लेक अजून तिथे शिकतेय आणि पुढची अडीच-पावणेतीन वर्षं तिला तिथेच काढायची आहेत. पुण्यात, शहराच्या आतच, मेट्रोनं जाता येतं असं ठिकाण. बी.टेक. कम्प्युटर, आता दुसरं वर्ष सुरू आहे. आम्ही बार्शीचे. माझं कृषी सेवा केंद्र आहे : बियाणं, खतं, फवारणीची औषधं. उधारी वसूल झाली तर वर्ष बरं जातं, नाही झाली तर नाही. एवढ्यावरून आमची ऐपत समजावी.

प्रवेशाची गोष्ट लांबलचक आहे, पण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

२०२४ च्या मे महिन्यात लेकीची एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, झाली. निकाल जूनमध्ये, आणि कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या कधी सुरू होणार याचा पत्ता नाही. या मधल्या काळात आपण पालक मेलेल्या कोंबडीसारखे असतो, कुणीही येऊन पिसं काढावीत. विद्यापीठाची स्वतःची परीक्षा लेकीनं घरी बसून लॅपटॉपवर दिली, तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘अभिनंदन, सीट मिळाली.’ आम्ही दोघं पुण्याला गेलो. काचेची केबिन, एसी, कागदी कपात कॉफी. समोर पंचविशीतली एक मुलगी, अतिशय गोड बोलणारी. मी विचारलं, कॅपचा निकाल लागेपर्यंत थांबता येईल का? ती म्हणाली, ‘काका, मला तुम्हाला थांबवून ठेवायला आवडलं असतं, पण संध्याकाळपर्यंत ही ब्रँच फुल्ल होईल.’ मी दुकानदार आहे. ‘शेवटचं पोतं उरलंय’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोललोय. तरी पन्नास हजार भरले. जुलैअखेर पहिला हप्ता आणि हॉस्टेलचं मिळून दोन लाख पाच हजार गेले होते.

८ जुलै २०२४ ला शासनाचा निर्णय आला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्युशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्याआधी ती निम्मी माफ असायची. आमच्याकडे नॉन-क्रिमिलेअर आहे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे. घरात पेढे यायचेच बाकी होते. मग कुणीतरी निर्णयातला कंस दाखवला : खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. आमचं त्यातलंच.

तोवर मला ‘खाजगी कॉलेज’ आणि ‘खाजगी विद्यापीठ’ एकच वाटत होतं. इमारती सारख्याच, बसवरच्या जाहिरातीही सारख्याच. पण सरकारदरबारी हे दोन वेगळे प्राणी आहेत. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानिशी दिसते, प्रवेश कॅपमधून होतो, आणि म्हणून महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या सवलती लागू होतात. खाजगी विद्यापीठ स्वतःच्या वेगळ्या कायद्यानं उभं राहिलेलं असतं, त्याची फी त्या प्राधिकरणाच्या टेबलावर जातच नाही. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती नाही, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता नाही, मुलींची माफी नाही. बारावी झालेल्या मुलांच्या आईबापांना ही एकच गोष्ट कुणी नीट सांगितली तरी निम्मी फसगत टळेल. माहितीपत्रकात ही ओळ शोधली, सापडली नाही. कशाला छापतील म्हणा!

यापुढचा भाग लिहिताना अजून चिडचिड होते. कॅपचा अर्ज आम्ही भरून ठेवला होता. दुसऱ्या फेरीत लेकीला पुण्यातल्याच एका जुन्या कॉलेजात आयटीची जागा मिळाली. गणपती तोंडावर आले होते. तिथे ट्युशन फी माफ झाली असती, फक्त डेव्हलपमेंट फी आणि बारीकसारीक भरावं लागलं असतं. मी विद्यापीठात फोन केला, प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतील का? उत्तर आलं, ‘सर, अमाउंट नॉन-रिफंडेबल आहे, तुम्ही फॉर्मवर सही केलीय.’ सही होतीच. दोन लाख पाच हजार सोडायची छाती झाली नाही. जागा सोडून दिली.

जानेवारीत उन्हाळी भुईमुगाचं बियाणं न्यायला एक निवृत्त प्राध्यापक दुकानात आले, त्यांना सहज बोलून दाखवलं. ते म्हणाले, अहो, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून. फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो. मी हातातलं पोतं खाली ठेवलं. त्या रात्री चार वर्षांच्या ट्युशन फीची बेरीज करून पाहिली : पहिल्या वर्षी ३ लाख १० हजार, त्यावर दरवर्षी पाच टक्के वाढ, एकूण तेरा लाख छत्तीस हजार. एक फोन दुसऱ्या ठिकाणी केला असता तर एवढं वाचलं असतं.

असो. आता खर्च.

पत्रकात ३ लाख १० हजार लिहिलं होतं. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष गेले ६ लाख साडेआठ हजार. ट्युशन वगळता परीक्षा, पात्रता, ग्रंथालय, ‘स्टुडंट ॲक्टिव्हिटी’ असं करत २२ हजार. अनामत १० हजार, ती म्हणे शेवटी परत मिळेल. हॉस्टेल आणि मेस १ लाख ४५ हजार, दोघींत एक खोली. लॅपटॉप ५८ हजार. ब्लेझर आणि इंडस्ट्रियल व्हिजिट साडेनऊ हजार. ब्लेझर वर्षात तीनदा घातला, त्यातला एकदा फोटोसाठी. येण्याजाण्याचे १४ हजार, वरखर्चाला महिन्याला चार हजार, दहा महिने. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं, हे कबूल करतो. फक्त एकाच कागदावर कधी नव्हतं. दर वेळी नवा मेसेज, नवी लिंक, नवी शेवटची तारीख.

कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेतून साडेसात लाखांचं काढलं. त्याच्या वर गेलं की तारण लागतं, आणि दुकान मला गहाण ठेवायचं नव्हतं. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा असं सांगतात, करावाच, पण फाइल हलते ती शाखेत चार वेळा जाऊन बसल्यावरच. बँक सेमिस्टरप्रमाणे थेट विद्यापीठाला पैसे पाठवते. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. मी ते दरमहा भरतो, सध्या चार हजारांच्या आसपास. एवढं जमत असेल तर भराच. आणि विद्यापीठानं लेटरहेडवर लिहून न दिलेला कोणताही खर्च आमच्या शाखेनं मानला नाही, त्यामुळे ते खर्चाचं पत्र घेताना लॅपटॉपसकट सगळं त्यात लिहून घ्या.

हॉस्टेल दुसऱ्या वर्षी सोडलं. लेक आता कॉट बेसिसवर राहते, चौघी मिळून दोन खोल्या. कॉटला साडेसहा हजार, अकरा महिन्यांचा करार. दोन वेळची मेस ३,४०० ला लावलीय, एक काकू घरून डबे देतात. दहा महिन्यांची मेस धरून वर्षाचे एक लाख साडेपाच हजार होतात, म्हणजे हॉस्टेलपेक्षा साडेएकोणचाळीस हजार कमी. मेट्रोच्या तिकिटात विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे, त्याचं कार्ड काढून घेतलं. पहिलं वर्ष मात्र मुलींनी हॉस्टेलात काढावं असं माझं मत आहे. नव्या गावात रात्री ताप भरला तर वॉर्डन तरी असते.

ताप भरलाच. पहिल्याच ऑक्टोबरमध्ये डेंग्यू. हिची आई जाऊन तिला घेऊन आली, सतरा दिवस बार्शीत. इथे ॲपवर हजेरी लागते, ७५ टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसता येत नाही. लेकीची ७३ झाली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, रक्ताचे रिपोर्ट, सगळं अपलोड केलं. तरी ‘पालकांनी समक्ष येऊन सही करावी.’ दुकान बंद ठेवून गेलो. खोलीबाहेर आम्ही तीस-चाळीस पालक, कोण नांदेडचा, कोण जळगावचा, हातात एकाच छापाचा अर्ज. आत सही घ्यायला लागला दीड मिनिट. त्या अर्जाची फी होती, ती ऑनलाइनच भरायची होती.

आता शिकवण्याबद्दल. माझं शिक्षण बारावी, त्यामुळे लेक सांगते तेच लिहितो. गणिताच्या बाई उत्तम. प्रोग्रामिंगचे सर पहिल्या सेमिस्टरनंतर सोडून गेले, त्यांच्या जागी आलेले दुसऱ्या सेमिस्टरनंतर. तरुण मास्तर टिकत नाहीत ही तिची मुख्य तक्रार. प्रयोगशाळा खरोखर चांगल्या, प्रत्येकाला स्वतंत्र मशीन. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथे जागा धरायला संध्याकाळीच दप्तर टाकून यावं लागतं. विद्यापीठाला अभ्यासक्रम दरवर्षी बदलता येतो, मुलांना विषय निवडता येतात. याउलट तिच्या मैत्रिणी ज्या कॉलेजात आहेत तिथे सगळं ठरलेलं असतं. हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. एका विषयाची फेरपरीक्षा द्यायची तर वेगळे पैसे पडतात, सुदैवानं अजून वेळ आलेली नाही. तिच्या पहिल्या वर्षीच्या रूममेटला गुणांवर फीत सवलत होती. पुढे चालू ठेवायला दहापैकी साडेआठ सीजीपीए (सरासरी गुणांक) हवा होता, तिला ८.३ पडला. सवलत गेली. सवलतीच्या भरवशावर चार वर्षांचं गणित मांडू नका.

प्लेसमेंटचं म्हणाल तर गेटवर फ्लेक्स आहे, त्यावर सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आकडा आणि एका मुलाचा फोटो. तो फोटो बघून काही कळत नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरतात त्यात किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे असतं. ते प्रवेशाआधी बघा. मी प्रवेशानंतर बघितलं. फ्लेक्सवरच्या आकड्याचा आणि त्या मधल्या पगाराचा काही संबंध नाही.

आणि तरीसुद्धा, हेही लिहायला हवं. लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत होती. पहिले दोन महिने रोज रात्री फोन, ‘पप्पा, इथे सगळे इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलतात, मला वर्गात हात वर करायची भीती वाटते.’ रूममेट एक इंदूरची, शेजारच्या खोलीत पाटण्याच्या दोघी. दिवाळीनंतर जाताना हिच्या आईनं दोन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा दिला. मेसमध्ये मंगळवारी राजमा असतो, तो कुणालाच आवडत नाही. आठवड्याभरात चटणी संपली. पाटण्याची पोरगी सातूच्या पिठात कालवून खायची म्हणे. त्या चटणीवर हिची ओळख झाली आख्ख्या मजल्याशी. फेब्रुवारीत कॉलेजच्या तांत्रिक महोत्सवात चौघींनी मिळून एक प्रकल्प मांडला, कांद्याच्या चाळीतलं तापमान आणि ओल मोजून मोबाइलवर सांगणारा. कल्पना बार्शीची, जोडणी इंदूरची. मी बघायला गेलो होतो. तीन परीक्षकांसमोर ती इंग्रजीत बोलत होती, मध्ये अडखळली, एक वाक्य सरळ मराठीत म्हणाली आणि पुढे गेली. मी मागे उभा होतो, तिला दिसलो नाही.

दुसऱ्या कॉलेजातही हे झालं असतं का? झालं असतं, बहुतेक. हा विचार मी कुणापुढे बोलत नाही, लेकीपुढे तर नाहीच.

कुणी विचारलं, घ्यावा का प्रवेश? ज्यांचं उत्पन्न कुठल्याच सवलतीत बसत नाही, वर्षाला सहा लाख ज्यांना जड नाहीत, आणि हवी ती ब्रँच कॅपमध्ये मिळत नाही, त्यांनी जरूर घ्यावा. सोयी आहेत, पोरं सुरक्षित आहेत, जग बघायला मिळतं. सवलतीत बसणाऱ्या घरातल्या मुलीनं कॅपची शेवटची फेरी होईपर्यंत तिकडे पाय घट्ट रोवून बसावं, आणि इकडे पैसे भरलेच असतील तर यूजीसीची त्या वर्षीची परताव्याची तारीख आधी शोधावी. ती दरवर्षी नव्यानं जाहीर होते.

धाकटा आता बारावीला आहे. दुकानात खतांच्या भावफलकाशेजारी मी एक कागद चिकटवलाय, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली आठ कॉलेजं आणि त्यांची फी. गिऱ्हाईक येतं, युरियाचा भाव बघायला मान वर करतं आणि तोच कागद आधी वाचतं. परवा एकानं विचारलं, हे कुठलं नवीन खत आलंय?