आठ महिने मेशटास्टिक वापरल्यावर चॅनलबद्दल जे कळलं ते

मेशटास्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय, फोनला जोडलेल्या छोट्या रेडिओंवरून मेसेज पाठवायची यंत्रणा. आठ महिने झाले, घरात तिचे तीन नोड (म्हणजे हे रेडिओ) रोज चालू आहेत. रेंज, बॅटरी सगळं ठीक, त्यावर जास्त लिहीत नाही. मला बोलायचंय ते चॅनलबद्दल, कारण मला वाटायचं की वेगळं चॅनल काढलं म्हणजे आपली वेगळी लाइन झाली. तसं अजिबात नाहीये. चॅनल म्हणजे एक नाव आणि एक किल्ली (मेसेज कुलूपबंद करणारा कोड), बस.

पहिल्याच आठवड्यात मी प्रायमरी (म्हणजे पहिल्या, 0 नंबरच्या) चॅनलचं नाव बदललं आणि आजूबाजूचे सगळे नोड गायब! दोन दिवस अँटेना तपासत बसले, केबलसुद्धा बदलली. नंतर कळलं की फ्रिक्वेन्सी स्लॉट (रेडिओ नेमक्या कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो ती जागा) आपण स्वतः ठरवला नसेल तर तो प्रायमरीच्या नावावरूनच निघतो, म्हणजे नाव बदललं की रेडिओ दुसरीकडेच जाऊन बसू शकतो. मग 0 नंबरला परत लाँगफास्ट (डिफॉल्ट चॅनलचं आणि डिफॉल्ट रेडिओ सेटिंगचंही हेच नाव) ठेवलं, घरचं चॅनल सेकंडरी केलं, तेव्हापासून सुरळीत. फक्त डिफॉल्ट किल्ली सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे प्रायमरीवर लोकेशन बंद ठेवा किंवा ढोबळ करा.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आमच्या घरच्या चॅनलचं पॅकेट अनोळखी माणसाचा नोडही पुढे पाठवतो, त्याला ते उघडता येत नाही तरीही, डिफॉल्ट सेटिंगच तसं आहे. आपणही त्यांचं पाठवतो. पण म्हणूनच जपून वापरायला हवं, कारण चॅनल 8 ठेवता आली तरी हवा सगळ्यांची एकच, आणि लाँगफास्टचा वेग सेकंदाला जेमतेम 1 किलोबिट. लांबलचक मेसेज दोनेक सेकंद हवा अडवतो आणि मग प्रत्येक हॉपला (एका नोडने पुढे पाठवलं की एक हॉप) तेच परत. म्हणून हॉप 3 च राहू द्या, उगाच 7 करू नका, आणि टेलिमेट्री (बॅटरी वगैरेची आपोआप जाणारी माहिती) दर थोड्या वेळाने पाठवायची हौस नको.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, मेसेजला साधारण 200 बाइट मिळतात आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा 3 बाइट खाते, म्हणजे दोन छोटी वाक्यं झाली की संपलं.

खरी अडचण आली ती घरातला एक फोन हरवला तेव्हा. चॅनलमधून एकाच माणसाला काढता येत नाही, किल्लीच बदलावी लागते आणि ती प्रत्येकाला नव्याने द्यावी लागते. आम्ही समोरासमोर बसून नव्या किल्लीच्या चॅनलचा क्यूआर स्कॅन केला, त्यात एकाने अ‍ॅडऐवजी रिप्लेस दाबलं आणि त्याची बाकीची चॅनल उडाली, ती परत हाताने भरली.