आधारचं बायोमेट्रिक लॉक: पावसाळ्यापासून वापरतोय, चांगलं आहे पण...

निकाल आधीच सांगून टाकतो: अंगठ्याने, डोळ्याने होणारी आधारची तपासणी बंद करणारं हे कुलूप लावा. फुकट आहे, काम चोख करतं, आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असेल तर चहा गार व्हायच्या आत लागतं. ज्यांचं एवढ्यावर भागतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. कुरकूर मात्र भरपूर आहे, आणि ती आधारच्या ॲपपेक्षा खिडकीपलीकडे बसणाऱ्यांबद्दल जास्त आहे.

माझं अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर मशीनच्या काचेवर कुणाचं ना कुणाचं आधार पालथं पडलेलं असतं. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर ई-आधारची पीडीएफ पाठवतं आणि खालीच पासवर्डही टाइप करतं. नाही केला तरी अडत नाही. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तर पासवर्ड, आणि कालच त्याच माणसाने झेरॉक्स काढून नेलेली असते. रात्री शटर ओढण्याआधी मी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही साफ करतो. सगळेच दुकानदार करतात असं समजू नका.

लॉक लावायचं खरं कारण एईपीएस, म्हणजे अंगठा लावून पैसे काढायची सोय. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळेला 10,000 रुपयांपर्यंत निघतात. खेड्यात म्हाताऱ्या माणसाला बँकेत हेलपाटा घालावा लागत नाही, म्हणून सोय मोठी आहे, हे मान्य. पण शेताचं खरेदीखत उलगडून बघा: नाव, फोटो, अंगठ्याचा ठसा, सोबत आधारची झेरॉक्स, सगळं एकाच गठ्ठ्यात. हरियाणा आणि बंगालकडे असल्याच कागदांवरचे ठसे उचलून, नकली अंगठे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे दाखल झालेत. मशीनवरचा अंगठा जिवंत माणसाचा आहे का, हे तपासायची व्यवस्था नंतर कडक केली म्हणतात. ती करोत. मी माझ्या बाजूने दार लावून घेतलं.

लॉक लावलं की बोटं, डोळे आणि चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीने होणारी कामं चालूच राहतात. कामापुरतं उघडायचं असेल तर तात्पुरतं उघडता येतं, थोड्या वेळाने ते आपोआप परत लागतं. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा: शेजारीच 'आधार लॉक' नावाचं दुसरं कुलूप आहे. ते अंगठ्याचं नसून नंबराचं आहे, आणि उघडायला व्हर्च्युअल आयडी, म्हणजे आधार नंबराऐवजी वापरायचा 16 आकडी नंबर लागतो. तो आधी काढून लिहून ठेवला नसेल तर त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडे दुकानात घाबरून येणाऱ्यांपैकी बरेच जण हेच दाबून आलेले असतात.

आता रेशन. आईचं लॉक लावून दिलं होतं. ती दुकानात गेली, ई-पॉसवर अंगठा ठेवला, मशीनने नकार दिला. तिने पदराला बोट पुसून परत ठेवलं, मग दुसरं बोट. मशीनवर 330 चा कोड. या कोडचा अर्थ स्वच्छ आहे: बायोमेट्रिक मालकाने स्वतः बंद केलंय. पण दुकानदाराने सांगितलं, ‘तुमचं आधार बंद पडलंय, केंद्रावर जाऊन नवीन करा.’ मागे रांग, त्यात आईची बोटं आधीच कापूस वेचून झिजलेली, त्यामुळे सगळ्यांना तेच कारण पटलं. तिने मला फोन लावला. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो, मी दुकानातून उघडून दिलं आणि पुढच्या अंगठ्याला धान्य मिळालं. घरी आल्यावर ऐकावं लागलं ते वेगळं. ‘कसाले रे भाऊ हाई कुलूप? मन्हा अंगठा मन्हाजोडेच शे ना!’

तोड म्हणून आता रेशनला वडील जातात. कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा चालतो, म्हणून त्यांचं मुद्दाम उघडं ठेवलंय. त्यांच्या आधारला जोडलेल्या खात्यात शिल्लक फारशी ठेवत नाही. हे काही फार शहाणपणाचं समाधान नाही, पण चालतंय.

आईच्या त्या वाक्याने मात्र डोक्यात भुंगा सोडला. अंगठा तिच्याजवळ आहे खरा, पण तो चालू ठेवायचा की बंद, हे माझ्या मोबाइलवर ठरतं. गल्लीत अर्ध्या बायकांचे आधार नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नंबरला जोडलेले आहेत. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी दुकानात हेच बघितलं. बाईच्या आधारचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी वेगळा. नवरा सुरतला कामाला, फोन उचलत नाही, ओटीपीची मुदत संपते, बाई बाकावर बसून. अशा घरात हे लॉक लावलं तर खासगीपणा नवऱ्याला मिळतो. म्हणून माझ्याकडे कुणी बाई लॉक लावून मागायला आली, तर मी आधी तिचा स्वतःचा नंबर जोडायला सांगतो.

मास्क्ड आधारबद्दल थोडक्यात. यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. लॉजवर चाललं, कुरिअरवाल्याकडे चाललं. एका शाळेत आणि एका पतसंस्थेत ‘हे अर्धवट आहे, पूर्ण आणा’ म्हणून परत पाठवलं. अनुदान खात्यात जमा व्हायचं असेल तिथे पूर्ण नंबर लागणार, ते समजू शकतो. सहलीच्या फॉर्मला कशाला? आणि या खिडकीवाल्यांना तरी किती बोलणार? मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने ‘झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा’ असं पत्रक काढलं, आणि लोकांचा गैरसमज होईल म्हणून सरकारने ते दोन दिवसांत मागे घेतलं. वरच्यांचंच असं, तर खालच्या कारकुनाने कशाच्या जोरावर मास्क्ड घ्यावं?

नवलाची गोष्ट अशी की हे सगळं सुरू झालं आपल्याच खान्देशातून. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. त्यानंतर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती संरक्षणाचा कायदा यायला 2023 उजाडलं, आणि नियम आले 2025 च्या नोव्हेंबरात. त्यातही गंमत बघा. आपली माहिती सांभाळायची कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून 18 महिने. पण त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम 8(1)(ञ)ला, म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या कलमाला, जी कात्री लावली, ती ताबडतोब लागू. आता ‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून अर्ज परत पाठवणं आणखी सोपं झालं. घरकुलाच्या यादीतली नावं मागायला गेलो की खासगीपणा आठवतो, आणि माझ्या आधारची झेरॉक्स टेबलावर वाऱ्यावर उडत असते तेव्हा कुणाला आठवत नाही!

नगरपालिकेच्या प्रचारात गल्लीत आलेल्या एका उमेदवाराला मी हा विषय काढून बघितला. त्याने गटारीचं आश्वासन दिलं. गटारही हवीच, त्यामुळे मी गप्प बसलो. पण माझ्या लेखी मागणी दोनच ओळींची आहे. अंगठ्याने पैसे काढायची सोय मुळात बंद असावी आणि खातेदाराने लेखी मागितल्यावरच चालू व्हावी. आणि जिथे कायद्याने पूर्ण नंबर लागत नाही, तिथे मास्क्ड नाकारणाऱ्याला दंड व्हावा. आज उलटं आहे: दार उघडं ठेवून दिलंय, आणि कडी लावायची अक्कल ज्याची त्याने मिळवायची.

आणखी एक सोय कामाची निघाली, ती म्हणजे ऑथेंटिकेशन हिस्ट्री. मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कधी आणि कोणत्या संस्थेने तपासलं, अंगठ्याने की ओटीपीने, हे दिसतं. संस्थेचं नाव कळतं, पण कोणत्या गावातल्या कोणत्या दुकानातून, ते कळत नाही. तरी महिन्यातून एकदा नजर टाका. वडिलांच्या यादीत रेशनच्या तारखा बरोबर जुळतात, म्हणून मी निवांत आहे.

लॉक लावायच्या आधी आधारला जोडलेलं सिम चालू आहे का, रिचार्ज संपून बंद पडलेलं नाही ना, एवढं तपासा. पेन्शनवाले कुणी घरात असतील तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याआधी उघडायला विसरू नका, तो चेहऱ्याने काढला तरी लॉक आडवं येतं. काही अडलं तर आधारच्या 1947 या हेल्पलाइनवर फोन लावा, मराठीत बोलतात.