ट्रेबा गार्डन, कॉर्नवॉल: आईला घेऊन एप्रिलमध्ये गेलो होतो, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आई दापोलीहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि तिला लंडन-बिंडन काही बघायचं नव्हतं, झाडं दाखव म्हणाली, म्हणून मग इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. आधी एका ट्रॅव्हलवाल्याकडून प्लॅन करून घेतला, तर त्याने दोन दिवसांत पाच बागा कोंबल्या होत्या, प्रत्येक ठिकाणी दीड तास. आईचे गुडघे आणि तिची झाड बघायची पद्धत (पान चुरडून वास घेणार, खाली बी पडलंय का बघणार) माहीत असल्याने तो प्लॅन रद्द केला आणि चार दिवसांत तीनच बागा ठेवल्या. हाच निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. त्यातली ट्रेबा मला सगळ्यात जास्त आवडली म्हणून मुख्य तिच्याबद्दल लिहितेय.

ही बाग फालमथजवळ हेलफर्ड नदीच्या मुखाशी आहे, साधारण २६ एकर, आणि सपाट अजिबात नाही. वर घर, तिथून एक अरुंद दरी सरळ खाली उतरत जाते, मधून ओढा वाहतो आणि शेवटी बाग संपते ती थेट पुळणीवर, बागेच्या स्वतःच्या बीचवर. आईने वरून एकदा बघितलं आणि म्हणाली "अगं ही तर आपल्या आगरासारखीच आहे, वर घर नि खाली समुद्र". खरंच तसंच आहे, फक्त माड-पोफळीच्या जागी उंच चायनीज पाम आणि झाडासारखे वाढलेले नेचे (फर्न). इतक्या उत्तरेला हे जगतं कारण अटलांटिकचा कोमट प्रवाह किनाऱ्याजवळून जातो त्यामुळे झाडं गोठवणारी कडक थंडी फार कमी पडते, दरीमुळे वारा अडतो आणि माती आम्लधर्मी आहे, जी कॅमेलिया-रोडोडेंड्रॉन या फुलझाडांना मानवते. १८३० च्या दशकात फॉक्स नावाच्या जहाजव्यापारी घराण्यातल्या चार्ल्स फॉक्सने ही लावायला घेतली, शेजारची ग्लेनडर्गन ही बाग त्याच्या भावाची. घरचा धंदाच जहाजांचा असल्यावर रोपं कुठून कुठून आली असतील बघा.

आता मुख्य गोष्ट, कधी जायचं. नुसतं "स्प्रिंग" म्हणून तिकीट काढू नका, आधी काय बघायचंय ते ठरवा. मॅग्नोलिया हवा असेल तर फेब्रुवारी अखेर ते मार्च, कॅमेलिया एप्रिलपर्यंत पुरतो, रोडोडेंड्रॉन-अझेलियाचा खरा बहर एप्रिल-मे, आणि झाडांखाली निळे ब्लूबेल्स एप्रिलच्या शेवटी. आम्ही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, रोडोडेंड्रॉन भरभरून मिळाला पण मॅग्नोलिया कॅम्पबेली होऊन गेला होता, हे मला अजून लागून राहिलंय. कारण हे झाड मूळचं आपल्या हिमालयातलं, सिक्कीम-दार्जिलिंगकडचं. नाव दार्जिलिंगचे तेव्हाचे अधिकारी कॅम्पबेल यांच्यावरून, ते ठेवलं वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी, आणि हे दोघं १८४९ मध्ये सिक्कीममध्ये एकत्र कैदेत पण होते! पान यायच्या आधी नुसत्या फांद्यांवर ताटलीएवढी गुलाबी फुलं, म्हणजे आपली काटेसावर कशी फुलते तसं. बियांपासून लावलं तर पहिलं फूल यायला पंचवीस-तीस वर्षं लागू शकतात. आई म्हणाली फणसासारखं म्हणजे, आजोबाने लावायचं आणि नातवाने बघायचं. कॉर्नवॉलमध्ये सहा बागांमधल्या अशा एकेका झाडावर पन्नास-पन्नास फुलं उमलली की वसंत आला असं जाहीर करतात, ट्रेबा त्या सहांपैकी एक. तेव्हा मॅग्नोलियासाठी जाणार असाल तर ती बातमी येईपर्यंत हॉटेल पक्कं करू नका, किंवा रद्द करता येणारं घ्या.

रोडोडेंड्रॉनबद्दल पण आईमुळेच कळलं. एका जुन्या मोठ्या झाडाखाली लालभडक सडा पडला होता, पाटीवर रोडोडेंड्रॉन आर्बोरियम लिहिलेलं, आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली हा बुरांस आहे, चारधामला गेलो तेव्हा याचं सरबत प्यायलो होतो. आणि बरोबर होतं तिचं. मला इथे बारा वर्षं राहून हे माहीत नव्हतं, मी याला इंग्लिश बागेतलं झाड समजत होते.

खाली उतरताना गनेरा नावाच्या प्रचंड पानांच्या झाडांचा पट्टा लागतो, फोटोत डोक्यावर छत्रीसारखी पानं दिसतात ती हीच, पण एप्रिलमध्ये ती नुकती जमिनीतून डोकं काढत असतात, तो फोटो हवा असेल तर उन्हाळ्यात या. हायड्रेंजियाची दरी पण तशीच, जुलै-ऑगस्टची. बीचवर मात्र वेळ ठेवा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये अमेरिकेच्या २९ व्या डिव्हिजनचे सैनिक इथून बोटीत चढून फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर लढायला गेले, तिथे स्मारक आहे. आम्ही आइस्क्रीम घेऊन बसलो होतो, ते वाचल्यावर दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

परत वर यायचा चढ आहे हे लक्षात ठेवा. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, खालीच जास्त वेळ बसा आणि दमादमाने वर या, आम्हाला एकूण पाच तास लागले. बूट चांगले ग्रिपचे, पाऊस कधीही येतो. वर कॅफेत क्रीम टी (चहाबरोबर स्कोन नावाचा छोटा केकसारखा पाव, जॅम आणि क्रीम) घ्याच, क्लॉटेड क्रीम म्हणजे अक्षरशः आपली घट्ट साय, आणि कॉर्नवॉलमध्ये स्कोनवर आधी जॅम मग क्रीम.

जायचं कसं, तर आम्ही रेडिंगहून ट्रूरोपर्यंत डायरेक्ट ट्रेन घेतली, चार-साडेचार तास. जाताना डावीकडच्या खिडकीच्या सीट घ्या, डॉलिश गावाजवळ गाडी अगदी समुद्राला खेटून जाते. पुढे गाडी भाड्याने घेतली, पण रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना उंच बांध आणि मधे एकच गाडी मावेल एवढी पाणंद, समोरून कोणी आलं की रिव्हर्स, सवय नसेल तर फालमथला राहून बसने जा. ईस्टरच्या सुट्टीत गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढतात, ते टाळा.

ग्लेनडर्गन जवळच आहे, १८३३ मध्ये लावलेला झुडपांचा भूलभुलैया आहे, मुलं असतील तर जरूर. हेलिगन या तिसऱ्या बागेला मात्र वेगळा पूर्ण दिवस द्या. पहिल्या महायुद्धाला तिथले माळी गेले, बरेचसे परत आलेच नाहीत आणि बाग रानात बुडाली ती थेट १९९० मध्ये सापडली. माळ्यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली स्वतःची नावं तिथे सापडली होती. घोड्याच्या लिदीच्या उबेवर अननस पिकवायचा खड्डा पण आहे, आईने तिथल्या माळ्याला माझ्यामार्फत दहा प्रश्न विचारले आणि त्याने सगळ्यांची मनापासून उत्तरं दिली.

ट्रेबाला माझ्याकडून ५ पैकी ५. आई पुढच्या वर्षी परत येणारे, या वेळी मार्चमध्येच ये म्हणून सांगितलंय, मॅग्नोलियासाठी. केरहेज नावाची बाग फक्त वसंतातच उघडी असते, ती तेव्हा बघणार. कोणी मार्चमध्ये तिथे गेलं असेल तर थंडी-वारा आईला झेपेल का तेवढं सांगा प्लीज.