निळ्या स्क्रीनवर फोन नंबर होता आणि मी तो लावला

24 जुलै 2024 रोजी संध्याकाळी पाऊण तासात माझे 92,499 रुपये गेले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांतला पैशापैशाचा फरक हुडकून काढणाऱ्या माणसाने हे लिहावे याची लाज वाटते. पण लोक लाजेने गप्प बसतात म्हणूनच या भामट्यांचे दुकान चालते.

प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत 31 जुलैला संपत होती आणि आदल्याच दिवशीच्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्याचे नियम बदलले होते. त्यांविषयी शोधताना सर्वांत वरच्या दुव्यावर (ती जाहिरात होती) मी क्लिक केले, तोच संपूर्ण स्क्रीन निळी झाली. संगणक बंद केल्यास सर्व फाइल नष्ट होतील, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा, असे एक बाई इंग्रजीत मोठ्याने बजावू लागली. पाचच दिवसांपूर्वी, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक असेच बंद पडले होते आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आपण सर्वांनी बातम्यांत पाहिले होते. तेच लोण माझ्या घरी आले, असे मला वाटले तर त्यात माझे काय चुकले? ते सॉफ्टवेअर मुख्यतः कंपन्या वापरतात, हे मला कोण सांगणार होते?

चुकले ते पुढे. त्या निळ्या स्क्रीनवर माउसचा बाण फिरत होता. मी तो माझ्या हाताने फोन क्रमांकाखाली नेऊन ठेवला आणि एकेक आकडा वाचत नंबर लावला. खरी निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोज ठप्प झालेले असते; बाण हलत नाही, कोणी बोलत नाही आणि मायक्रोसॉफ्ट तिथे फोन क्रमांक कधीच देत नाही. माझ्यासमोर होते ते ब्राउझरचे स्क्रीनभर पसरलेले एक पान. एस्केप दाबून धरले असते, किंवा कंट्रोल-आल्ट-डिलीटने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला असता, तरी ते गेले असते.

‘सर, घबराइए मत,’ म्हणत त्या माणसाने माझ्याकडून एक ॲप टाकून घेतले, संगणकाचा ताबा मिळवला आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा दाखवल्या. तशा खुणा धडधाकट संगणकातही असतात. आत्ता उघडून पाहा, तुमच्याकडेही सापडतील. ‘सुरक्षा परवान्या’चे 4,999 रुपये मी यूपीआयने भरले. मग खाते सुरक्षित आहे का ते तपासू, म्हणून त्याने मला नेटबँकिंग उघडायला लावले आणि स्क्रीन काळी केली. मोबाइलवर आलेले दोन ‘परवाना क्रमांक’ मी वाचून दाखवले. संदेशांत 49,000 आणि 38,500 हे आकडे स्पष्ट लिहिलेले होते. घाईत मी फक्त ओटीपीचे सहा अंक पाहिले.

त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो, तर साहेब बंदोबस्तावर असल्याचे सांगून सकाळी यायला सांगितले. सकाळी गेलो, तर सायबर शाखेत जा. तिथे गेलो, तर रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच जा. लहान! सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करायचा असतो, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या शिपायाकडून कळले, आणि तोवर पैसे तीन खात्यांतून पुढे सरकले होते. बँकेतल्या अधिकाऱ्याने मान वर न करता विचारले, “ओटीपी तुम्हीच दिलात ना काका?” साध्या पोचपावतीसाठी मला चार खेपा घालाव्या लागल्या. गोठवलेले 6,300 रुपये न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असे तेव्हा मला सांगितले.

असा फोन झालाच असेल, तर आधी इंटरनेट तोडा, मग 1930 लावा, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. ते ॲप नुसते बंद करून भागत नाही, काढून टाका.

डिसेंबरात माझ्या संगणकावर खरी निळी स्क्रीन आली. तिच्यावर एक उदास चेहरा, वाढत जाणारी टक्केवारी आणि मेमरीचा एरर कोड होता, बाण नव्हता. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासून परत बसवली आणि 200 रुपये घेतले. मी त्याच्याकडे दोनदा पावती मागितली.